गोठ्यातला सगळ्यात धोक्याचा अर्धा तास

ब्रुसेला नावाचा जिवाणू अंगात घेऊन फिरणारी गाय गाभडली, तर तिच्या वारेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावर जिवाणू असू शकतात. माणसाला आजारी पाडायला त्यातले दहा ते शंभर पुरतात. म्हणजे नुसता हिशेब मांडला तर नखाएवढ्या तुकड्यात अख्ख्या बीदर जिल्ह्याला अंथरुणाला खिळवून वर उरेल एवढा ऐवज भरलेला असतो. आणि ती वार आपल्याकडे बहुतेक घरी उघड्या हातांनी उचलली जाते.

बीदरला लागून असलेलं नौबाद घ्या. एका अंगाला शहर आणि कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या अंगाला तूर-सोयाबीनची रानं आणि दारात बांधलेली जनावरं. हा सगळा पट्टाच जनावरांचा. देवणी ही गोजात इथली. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कर्नाटकाचं पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००४ साली निघालं ते बीदरमध्येच, आणि सीमा ओलांडली की उदगीरला महाराष्ट्राचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तरीही कामाची जागा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी येते, कारखाना येतो, ऑफिस येतं. गोठा येत नाही. खरं तर संसर्गाचा धोका कसा मोजायचा हे समजून घ्यायला गोठ्यासारखी शाळा नाही.

समजा, नौबादच्या कडेला एक घर आहे. दावणीला दोन देवणी गाई, एक म्हैस, एक कालवड. त्यांच्याभोवती राबणारी माणसं मोजू. घरधनी. धार काढणारी त्याची बायको. शेणकूर करणारी म्हातारी आई. कडबा आणणारा सालगडी. डेअरीवर कॅन नेणारा पोरगा. अधूनमधून येणारे जनावरांचे डॉक्टर, आणि कृत्रिम रेतन करणारा. सात माणसं, गाय एकच. ती आजारी निघाली तर या सातांत आधी कुणाला गाठेल? आणि हे ताप येण्याआधीच सांगता येईल का?

येतं. सन १७०० मध्ये इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने कारागिरांच्या आजारांवर एक ग्रंथ छापला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझं काम काय? मैल्याची टाकी उपसणाऱ्या एका मजुराची घाई पाहून, त्याच्याशी बोलून, त्या कामाने डोळे कसे जातात हे त्याने लिहून ठेवलं. आज कामाच्या जागी संसर्गाचा धोका मोजणारे तोच प्रश्न आणखी बारीक करून विचारतात. नुसतं ‘शेतकरी’ किंवा ‘दूधवाला’ हे उत्तर त्यांना चालत नाही. हात नेमके कुठे जातात, किती वेळा, किती वेळ, हातावर जखम आहे का, काम झाल्यावर धुवायला पाणी-साबण जवळ आहे का, असं ते दिवसाचे तुकडे तुकडे करून पाहतात. जंतू कुठून निघतो, कोणत्या वाटेने येतो, कोणत्या दाराने अंगात शिरतो आणि शिरल्यावर त्याला अडवणारं अंगात काय आहे, एवढी साखळी मांडली की धोका दिसायला लागतो.

आपल्या घरातले सातजण या चाळणीतून काढू. कडबा टाकणाऱ्याचा गाईच्या अंगाशी फारसा संबंध येत नाही. कॅन नेणाऱ्या पोराच्या हाती दूध असतं. आजारी गाईच्या दुधातून ब्रुसेला बाहेर पडतोच, पण कॅनला झाकण असतं. धार काढणारीचं काम रोज दोनदा. गाय सात-आठ महिने दुधात असली तर वर्षाला चारशेवर धारा होतात. मात्रा थोडी, पण खेप रोजची. आणि मग येते विण्याची किंवा गाभडण्याची वेळ. वर्षातून एखादा अर्धा तास. दर वेळेची मात्रा आणि किती वेळा, या दोन्हींचा गुणाकार केला तर तो एक अर्धा तास चारशे धारांना मागे टाकतो. मला या हिशेबाचं फार नवल वाटतं, कारण कामाचे तास मोजणाऱ्या कोणत्याही हजेरीपटावर तो दिसत नाही. वर्षभर गोठ्यात राबणाऱ्याच्या वाट्याला थोडा धोका आणि रात्री अडीच वाजता ‘जरा धर’ म्हणून उठवलेल्या माणसाच्या वाट्याला सगळा, असं होऊ शकतं.

तो अर्धा तास जवळून पाहू. गाय अडलेली असते. कंदील नाहीतर मोबाइलचा उजेड. कुणीतरी वासराचे पाय धरून ओढतं आणि कोपरापर्यंत हात पाण्याने, रक्ताने माखतात. हे हात कालच तुरीच्या धसकटांनी ओरखडलेले असतात आणि जंतूला तेवढी फट भरपूर झाली. कपाळावरचा घाम दंडाने पुसला की डोळ्यांची वाट उघडली. वासरू श्वास घेत नसलं तर जाणता माणूस त्याच्या नाकपुड्या बोटाने साफ करतो, कधी तोंड लावून फुंकर मारतो. त्या क्षणी जीव वाचवण्याची माया असते, आणि जंतूला सरळ घशात नेणारी वाटही तीच असते. मग वार पडते, किंवा अडकते आणि ओढून काढावी लागते. शेवटी सगळे हात धुऊन चहाला जातात आणि मागे राहते ती म्हातारी, नाहीतर सून. ओला पेंढा, रक्त, ती वार, सगळं गोळा करून उकिरड्यावर टाकते, बहुधा त्याच हातांनी आणि वाकून, म्हणजे नाक त्याच्या अगदी जवळ. डॉक्टर आले असले तर त्यांच्या हातात खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा होता. तिच्या हातात काहीच नव्हतं. आपल्या प्रश्नाचं माझं उत्तर तीच आहे.

जिवाणू वारेतच एवढे का माजतात, हे कोडं विसाव्या शतकाच्या मध्याला सुटू लागलं. गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेत आणि गर्भजलात एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते. ब्रुसेलाला ही साखर ग्लुकोजपेक्षाही प्रिय. गाभणपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर तो तिथे मुक्काम ठोकतो, बेसुमार वाढतो, वार नासवतो आणि गर्भ पडतो. याहून फसवी गोष्ट पुढची आहे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बऱ्याचदा पूर्ण दिवस भरून धडधाकट वासरू देते. घरच्यांना वाटतं, बला टळली. जंतू मात्र तिच्या वारेतून आणि दुधातून पडतच असतो. त्यामुळे नुसती गाय पाहून धोका ठरवता येत नाही, तिचा इतिहास विचारावा लागतो. आणि गाय हाळीच्या बाजारातून आणलेली असेल, तर विकणारा तो इतिहास स्वतःहून सांगेलच असं नाही.

माणसात शिरल्यावर हा जिवाणू लपतो, आणि लपतो ते पोलिसांच्याच चौकीत. जंतूंना गिळून पचवणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात, पण तो पचत नाही. पेशीतली पचनाची यंत्रणा चुकवून तो आत वाढतो. त्याचं बाहेरचं आवरण असं की शरीराची धोक्याची घंटा जोरात वाजतच नाही. नौबादला बहमनी काळातला करेझ आहे, लोक त्याला सुरंग बावी म्हणतात: पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून दोन-तीन किलोमीटर वाहत जातं आणि वर चालणाऱ्याला फक्त मधूनमधून हवेसाठी ठेवलेली विहिरीसारखी तोंडं दिसतात. ब्रुसेलाचा ताप अगदी तसा आहे. वर चार दिवस ताप, मग आठ दिवस काही नाही, मग पुन्हा ताप; आणि खाली, न दिसता, जिवाणू वाहतोच आहे. लक्षणं बहुधा दोन-चार आठवड्यांनी दिसतात, कधी कित्येक महिन्यांनी. तोवर ती विण्याची रात्र कुणाच्या ध्यानातही नसते.

मग दवाखान्यात रोगी सांगतो, “ताप यायलाय, जायलाय. कंबर लई धरलीय. रात्री घामानं अंथरूण भिजतंय.” मलेरियाची तपासणी होते, टायफॉइडची होते, क्षयाचा संशय येतो. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं. जनावरं कोणती, कुणाची गाय गाभडली का, हे विचारलं तरच गाडी वळणावर येते. नाहीतर सांधे, मणका, पुरुषांत अंडकोषाची सूज, असं करत दुखणं मुरतं. उपाय आहे आणि तो महाग नाही. डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिनसारखं दुसरं औषध, साधारण सहा आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मधेच सोडलं तर ताप परततो.

बरं न होणाऱ्या अशा माणसाला घरी आणि कामावर काय म्हणतात, ते सांगायला नको. अंगचोर. ॲलिस एव्हान्स या अमेरिकन संशोधिकेलाही हेच भोगावं लागलं. माल्टात डेव्हिड ब्रूस यांना १८८७ साली सैनिकांच्या तापात सापडलेला जंतू आणि डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना १८९७ साली गाभडणाऱ्या गाईंत सापडलेला जंतू हे एकाच घराण्यातले आहेत, हे तिने १९१८ साली दाखवलं. कच्चं दूध धोक्याचं आहे हे तिचं म्हणणं कितीतरी वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९२२ साली प्रयोगशाळेत काम करता करता तोच जंतू तिच्या अंगात शिरला. पुढची वीसेक वर्षं आजार येत-जात राहिला, आणि ज्या रोगावर जगात तिच्याइतका अधिकार क्वचितच कुणाचा होता, त्या रोगाबद्दल डॉक्टर तिला सांगत राहिले की हा मनाचा खेळ आहे. १९२८ साली ती अमेरिकेतल्या जिवाणुशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. एवढ्या बाईचं दुखणं मान्य होत नसेल, तर नौबादच्या सालगड्याचं कोण मान्य करणार?

माल्टात सैनिकांना ताप कुठून येतो, हे कोडं थेमिस्टॉक्लीस झॅमिट यांनी १९०५ साली सोडवलं. धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्यांना जंतूची खूण सापडली. १९०६ साली सैन्याच्या आहारातून शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्याने ओसरला. आता आपल्याकडे पाहा. आपल्या घरी दूध चुलीवरून उतरल्याशिवाय पोटात जात नाही. दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवलं की ब्रुसेला मरतो. उतू जाणाऱ्या दुधात त्याची काय कथा. आजीच्या पातेल्याने ही एक वाट कधीच बंद करून टाकली आहे. त्यामुळे शहरात चहा पिणारा सुरक्षित राहिला, आणि धोका उरला तो बराचसा गोठ्यात, ज्यांच्या हातांनी ते दूध निघतं त्यांच्यापाशी. माझ्या मते या रोगाबद्दल आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं त्याचं एक कारण हेच असावं.

आता तपासणीचं नवल सांगतो. गाईच्या दुधाचा एक मिलिलिटर नमुना घ्या. त्यात मारलेल्या आणि निळसर रंगवलेल्या ब्रुसेला जिवाणूंचा एक थेंब टाका आणि नळी तासभर अंगाच्या उष्णतेइतकी, ३७ अंशांवर ठेवा. दूध निर्दोष असेल तर वर साय पांढरी राहते आणि खालचं दूध निळसर. पण गाईच्या अंगात या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील, तर ती दुधात उतरलेली असतात. ती रंगीत जिवाणूंना धरतात, सायीच्या कणांना चिकटतात आणि सगळी गठडी वर तरंगत येते. पांढऱ्या दुधाच्या माथ्यावर निळं कडं! डेअरीच्या कॅनमधलं एकत्र दूधही असं तपासता येतं, म्हणजे कुणालाही सुई न टोचता कळतं की कोणत्या वस्तीतल्या गोठ्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधावर ही चाचणी भरवशाची नाही. तिथे रक्त पाहावं लागतं: रक्तद्रवाचा थेंब आणि गुलाबी द्रावाचा थेंब पाटीवर एकत्र कालवायचे, चार मिनिटं हलवायचे, दाणे धरले तर संशय पक्का. माणसाचं रक्तही याच पद्धतीने चाळून पाहता येतं.

पण जंतू किती पोचतो हे झालं अर्धं गणित. पोचल्यावर कोण टिकतं हे उरलेलं. सातजणांतली धार काढणारी सून दोन महिन्यांची गरोदर असेल तर? माणसाच्या वारेत ती एरिथ्रिटॉल साखर जवळपास नसते, तरीही ब्रुसेलाच्या तापात गरोदर बाईला गर्भपाताचा धोका असतो. म्हणून तिचं नाव यादीत वर घ्यावं लागतं, मग ती गोठ्यात थोडाच वेळ जाऊ दे. म्हातारीचं वय, घरधन्याची साखर, पोराच्या हातावरचा न भरलेला फोड, हे सगळं हिशेबात येतं.

माणसागणिक असा हिशेब ऑस्ट्रेलियाने फार नेटकेपणाने केला आहे. ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांत १९३५ साली एक अनोळखी ताप दिसला. त्याचा जंतू कॉक्सिएला, तोही व्यायलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या आणि गाईंच्या वारेत माजणारा, आणि हवेतून धुळीबरोबर पसरणारा. तिथे १९८९ पासून या तापावर लस आहे. पण ती सरसकट टोचत नाहीत. आधी प्रत्येक कामगाराला विचारपूस, रक्ताची तपासणी आणि त्वचेची चाचणी, कारण ज्याला नकळत संसर्ग होऊन गेला आहे त्याला ही लस त्रास देते. म्हणजे ‘तुला धोका किती’ आणि ‘तुला उपाय सोसेल का’ हे दोन्ही प्रश्न एकेका माणसाला वेगळे विचारले जातात.

आपल्याकडेही हे जमलेलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यामागून मुंबईत लेप्टोस्पायरोसिस आला. उंदीर-जनावरांच्या मुतातून पाण्यात आणि पाण्यातून जखमेवाटे माणसात जाणारा हा रोग. त्यानंतरच्या पावसाळ्यांत मुंबई महापालिकेने लोकांची विभागणी केली ती रोगाच्या लक्षणांवरून नाही, पाण्यात काय केलं यावरून. साचलेल्या पाण्यातून एकदाच गेलात आणि अंगावर जखम नाही, तर धोका कमी. जखम असेल तर मध्यम. पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागलं किंवा कामच पाण्यात असलं, सफाई कामगारासारखं, तर सगळ्यात जास्त. प्रतिबंधक औषध किती दिवस घ्यायचं ते त्यावरून. तीन सोपे प्रश्न आणि कोट्यवधींच्या शहरात कुणाकडे आधी धावायचं ते ठरतं. हेच गोठ्यासाठी का नको? गाय व्याली का, हातावर जखम होती का, हे काम तुम्ही नेहमी करता का. आशाताई दारात उभं राहून दोन मिनिटांत विचारू शकतील.

धोका कधी कधी कल्पनेपलीकडच्या वाटेने येतो हेही खरं. चीनमध्ये लान्झोऊ इथे २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांसाठी ब्रुसेलाची लस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, जिवंत जिवाणू धुराड्यातून हवेत गेले आणि दहा हजारांहून जास्त माणसांना संसर्ग झाला. त्यांतल्या कित्येकांनी गाईला हातही लावला नव्हता. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलाचंही लसीकरण आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ती लस जन्मात एकदा देतात. ही लस जिवंत जंतूंची. कालवड झटका देते, सुई लस टोचणाऱ्याच्या बोटात जाते किंवा थेंब डोळ्यात उडतो, आणि रोग अडवायला आलेलाच रोगी होतो. त्यांचंही नाव यादीत हवं, आणि डोळ्यांवर चष्मा.

धोका मोजून झाल्यावर काय करायचं त्याचाही क्रम ठरलेला आहे, आणि आपण तो बहुधा उलटा लावतो. आपण सुरुवात करतो ती ‘हातमोजे घाला’ या पाटीपासून. खरा क्रम जनावरापासून सुरू होतो: कालवडीला लस, नवी गाय आणली की रक्ततपासणी होईपर्यंत वेगळी बांधणं. मग जागा: विण्यासाठी इतर जनावरांपासून, पाण्याच्या हौदापासून आणि पोरांच्या खेळण्यापासून दूर कोपरा. मग वारेची विल्हेवाट: उकिरड्यावर किंवा कुत्र्यांपुढे न टाकता खोल खड्ड्यात, वर चुना टाकून. हातमोजे शेवटी, पण ते सगळ्यांना, विशेषतः आवरणाऱ्या बाईला. खांद्यापर्यंतचा मोजा डॉक्टरांकडे मागितला तर मिळू शकतो. मागायला लाजू नये.

जनावरांच्या कामात संसर्गाचा धोका असतो, हे कायद्याला पूर्वीपासून समजलेलं आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पहिलीच नोंद कामातून होणाऱ्या संसर्गजन्य रोगांची होती. त्यात पशुवैद्यकीय काम, आणि जनावरं किंवा त्यांची मढी हाताळण्याचं काम स्पष्ट लिहिलं होतं. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या जागच्या जैविक धोक्यांविषयीचा जगातला पहिला करार मंजूर केला. पण नुकसानभरपाई मागायला मालक लागतो. स्वतःच्या गोठ्यात राबणाऱ्या बाईला मालक नाही, पगार नाही, म्हणून ती कोणत्याच यादीत कामगार नाही. धोका मोजण्याची रीत मात्र पगार विचारत नाही, हात कुठे गेले तेवढंच विचारते. म्हणून मला ती कायद्यापेक्षा न्यायी वाटते.

तेव्हा तुमच्या घरात जनावर असेल, ताप पंधरा दिवसांवर लांबला असेल, कंबर धरली असेल आणि रात्री घाम फुटत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. स्वतःहून सांगा: आमची गाय अमुक महिन्यात गाभडली, आणि वार मी उचलली होती.